दोन दारांचे घर : दोन नेटवर्क कार्डांच्या संगणकातील मार्गनिवड

आपल्या औराद तालुक्यातील दवाखान्यांत संगणक प्रथम आला तो बिले छापण्यासाठी. त्यानंतर तो प्रयोगशाळेत गेला, सोनोग्राफीच्या खोलीत गेला, आणि आता तर रुग्णाच्या नोंदणीपासून लसीकरणाच्या तक्त्यापर्यंत सर्वत्र त्याचा संचार आहे. तथापि या यंत्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. तार लावली, हिरवा दिवा लागला, म्हणजे काम झाले असे आपण समजतो. हा समज किती अपुरा आहे याचा अनुभव मला एका नवजात बालकाच्या निमित्ताने आला. तोच अनुभव प्रस्तुत लेखाचे कारण ठरला. लेखक बालरोगतज्ज्ञ आहे, संगणकतज्ज्ञ नव्हे. म्हणून येथे जे मांडले आहे ते एका वैद्याने, वैद्यांना व सुजाण नागरिकांना समजेल अशा रीतीने मांडलेले आहे.

एक सकाळ

छत्तीस आठवड्यांचे, अडीच दिवसांचे एक बालक कावीळ दिसू लागल्यामुळे दाखल होते. सकाळी सहा वाजता बिलिरुबिनसाठी रक्त पाठविले. आमच्या व्यवस्थेप्रमाणे प्रयोगशाळेच्या संगणकात नोंदलेला अहवाल स्वागतकक्षातील संगणक आपोआप ओढून घेतो व विभागाच्या पडद्यावर दाखवितो. आठ वाजले, नऊ वाजले, पडद्यावर काही नाही. परिचारिकेने 'रिपोर्ट अजून तयार नाही' असा स्वाभाविक अर्थ काढला. साडेनऊच्या सुमारास फेरीच्या वेळी मी स्वतः विचारणा केली, तेव्हा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ म्हणाला, "डॉक्टरसाहेब, रिपोर्ट सातलाच टाकलाय की!" आकडा होता १७.२ मिलिग्रॅम. त्या वयाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बालकासाठी हा आकडा प्रकाशोपचाराच्या रेषेच्या वर होता. उपचार ताबडतोब सुरू झाले, बालक सुखरूप घरी गेले. परंतु अडीच तास वाया गेले होते, आणि कावीळ वेगाने वाढणाऱ्या बालकाच्या बाबतीत अडीच तास ही क्षुल्लक गोष्ट नाही.

दोष कोणाचा? प्रयोगशाळेचा नव्हे, परिचारिकेचाही नव्हे. आदल्या संध्याकाळी स्वागतकक्षातील संगणकाला दुसरे नेटवर्क कार्ड बसवून त्यावर ब्रॉडबँड जोडले होते. दोन्ही कार्डांचे दिवे लागले होते. इंटरनेट उत्तम चालत होते. मात्र त्या क्षणापासून प्रयोगशाळेकडे जाणारा प्रत्येक निरोप चुकीच्या दाराने बाहेर पडू लागला होता. हे कसे घडले ते समजण्यासाठी प्रथम 'पत्ता' म्हणजे काय ते पाहू.

पत्ता आणि पिन कोड

जाळ्यातील प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. प्रचलित चौथ्या आवृत्तीत तो चार आकड्यांचा असतो व प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी. हा पत्ता संगणकाचा नसून कार्डाचा असतो. ज्या संगणकात दोन कार्डे आहेत त्याला दोन पत्ते असतात, जसे दोन रस्त्यांना दारे असलेल्या घराला दोन्ही रस्त्यांवर घरक्रमांक मिळावा तसे.

या पत्त्याची रचना समजण्यास आपल्या टपालखात्याचा पिन कोड फार उपयोगी पडतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिचे जनक संस्कृतचे विद्वान व टपाल-तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे होते, ही मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. औरादचा पिन कोड ५८५३२६. यातील पहिला ५ हा आकडा कर्नाटक, आंध्र व तेलंगण यांचा विभाग दाखवितो. पहिले तीन आकडे, म्हणजे ५८५, टपाल वाटपाचा जिल्हा सांगतात आणि उरलेले तीन आकडे विशिष्ट कचेरी दाखवितात. उदगीर आपल्या शेजारचे, सोयरिकीचे गाव, परंतु त्याचा पिन कोड ४१३५१७ आहे. पहिलाच आकडा वेगळा! १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली, उदगीर मुंबई राज्यात गेले व औराद म्हैसूर राज्यात आले. ती रेघ आजही पत्राच्या कोपऱ्यात उमटते.

दूरच्या कचेरीतील टपाल कर्मचारी पत्रावरचे सहाही आकडे वाचीत बसत नाही. मुंबईत ५ दिसला की पत्र दक्षिणेच्या थैलीत पडते. पुढे ५८५ पाहून कलबुर्गीच्या बाजूला जाते. सर्व आकडे शेवटच्या टप्प्यावरच लागतात. आयपी पत्त्याचेही तसेच आहे. त्याचा पुढचा भाग 'कोणते जाळे' हे सांगतो व मागचा भाग 'त्या जाळ्यातील कोणते यंत्र' हे सांगतो. हे दोन भाग कोठे तुटतात ते दाखविणाऱ्या क्रमांकाला सबनेट मास्क म्हणतात. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन आकडे जाळ्याचे व शेवटचा यंत्राचा. अशा एका जाळ्यात २५४ यंत्रांना पत्ते देता येतात.

आणखी एक बाब. सर्वच पत्ते जगभर चालत नाहीत. १९९६ सालच्या एका मानकान्वये पत्त्यांचे तीन गट घरगुती वापरासाठी राखून ठेवले आहेत. १० ने सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे कोणीही आपल्या आवारात वापरावेत, विचारण्याचे कारण नाही. 'मारुतीच्या देवळामागे' हा पत्ता जसा प्रत्येक गावात चालतो पण गावाबाहेर त्याला अर्थ नाही, तसेच हे पत्ते. आमच्या त्या सकाळच्या घटनेचे मूळ याच सोयीत होते.

मार्गतक्ता

संगणकाला निरोप पाठवावयाचा असतो तेव्हा तो स्वतःजवळची एक यादी पाहतो. तिला आपण मार्गतक्ता म्हणू. विंडोज संगणकावर काळ्या खिडकीत 'रूट प्रिंट' ही आज्ञा रोमन अक्षरांत दिल्यास हा तक्ता दिसतो. लिनक्सवर 'आयपी रूट' ही आज्ञा आहे. प्रत्येक ओळीत साधारण चार गोष्टी असतात : कोणत्या जाळ्यासाठी, कोणाच्या हाती द्यावयाचे, कोणत्या कार्डाने, आणि त्या मार्गाचा 'खर्च' किती. या खर्चाला मेट्रिक म्हणतात.

समजा आपल्या संगणकात दोन कार्डे आहेत. 'अ' कार्ड यंत्रांच्या जाळ्यावर असून त्याचा पत्ता १०.२०.३०.५ आहे. 'ब' कार्ड ब्रॉडबँडच्या राऊटरला जोडलेले असून त्याचा पत्ता १९२.१६८.१.१० आहे व राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१. दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.०. तक्त्यात मुख्य तीन ओळी दिसतील. पहिली, १०.२०.३०.० या जाळ्यासाठी थेट 'अ' कार्डाने. दुसरी, १९२.१६८.१.० या जाळ्यासाठी थेट 'ब' कार्डाने. तिसरी, ०.०.०.० म्हणजे 'बाकी सर्व' यासाठी १९२.१६८.१.१ या राऊटरच्या हाती, 'ब' कार्डाने. या तिसऱ्या ओळीला डीफॉल्ट मार्ग व त्या राऊटरला डीफॉल्ट गेटवे म्हणतात.

निवडीचा नियम असा : ज्या ओळीचा पत्ता गंतव्याशी अधिकात अधिक आकड्यांपर्यंत जुळतो ती ओळ ग्राह्य. दोन ओळी सारख्याच जुळल्या तर ज्या मार्गाचा मेट्रिक कमी तो ग्राह्य. हे आपल्या रुग्ण पाठविण्याच्या पद्धतीसारखेच आहे. प्राथमिक केंद्रात न आवरणारा रुग्ण सर्वसाधारणपणे तालुका रुग्णालयात व तेथून बिदरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातो. ही झाली डीफॉल्ट ओळ. परंतु हृदयाला छिद्र असलेल्या बालकासाठी कलबुर्गीच्या जयदेव हृदयरोग संस्थेची अधिक नेमकी ओळ आपल्या मनात असते आणि ती सर्वसाधारण ओळीला बाजूस सारते. नेमकेपणा आधी, सोय नंतर, हेच मार्गनिवडीचे पहिले सूत्र.

ओळ ठरल्यावर संगणक पुढच्या मुक्कामाचे खरे ठिकाण शोधतो. प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच ४८ बिटांचा एक हार्डवेअर पत्ता मिळालेला असतो. संगणक त्या जाळ्यात हाक मारतो, "अमुक आयपी पत्ता कोणाचा?" ज्याचा असेल तो आपला हार्डवेअर पत्ता कळवितो. निरोप त्या पत्त्याच्या पाकिटात घालून पाठविला जातो. पुढचा राऊटर बाहेरचे पाकीट काढून नवे घालतो. आतील अंतिम पत्ता सामान्यतः तसाच राहतो. आपल्या रुग्णाची चिठ्ठी तीच राहते, टप्प्याटप्प्यावर रुग्णवाहिका बदलते, तसे हे आहे. ब्रॉडबँडच्या राऊटरवर मात्र एक अपवाद घडतो. तो पाठविणाऱ्याचा घरगुती पत्ता खोडून स्वतःचा सार्वजनिक पत्ता लिहितो आणि उत्तर आले की ते योग्य संगणकाला वाटून देतो.

त्या सकाळी काय झाले?

आता आमच्या घटनेचे निदान सोपे होते. आमच्या यंत्रांच्या जाळ्याला कोणीतरी पूर्वी १९२.१६८.१ हाच गट दिलेला होता. प्रयोगशाळेच्या संगणकाचा पत्ता होता १९२.१६८.१.५०. नवीन ब्रॉडबँड राऊटरही कारखान्यातून त्याच गटात आला होता. पुष्कळ राऊटर तसेच येतात. त्यामुळे तक्त्यात १९२.१६८.१.० या एकाच जाळ्यासाठी दोन ओळी तयार झाल्या, एक 'अ' कार्डाची व एक 'ब' कार्डाची. दोन्ही सारख्याच जुळणाऱ्या. मग मेट्रिक पाहिला गेला. विंडोज स्वतःहून मेट्रिक ठरविते तेव्हा अधिक वेगाच्या जोडणीला कमी मेट्रिक देते. जुने 'अ' कार्ड १०० मेगाबिटचे, नवे 'ब' कार्ड हजार मेगाबिटचे. साहजिकच 'ब' जिंकले. प्रयोगशाळेसाठीची हाक ब्रॉडबँडच्या बाजूला मारली गेली. तेथे १९२.१६८.१.५० नावाचे कोणी नव्हते. उत्तर आले नाही. संगणकाने थोडा वेळ वाट पाहून काम सोडून दिले, आणि पडदा रिकामा राहिला.

यावर मेट्रिक बदलून वेळ मारून नेता आली असती, पण तो उपाय नव्हे. एका गावात दोन गल्ल्यांना एकच नाव असेल तर पोस्टमनला दटावून उपयोग नाही, नावच बदलावे लागते. आम्ही यंत्रांच्या जाळ्याला १०.२०.३० हा नवा गट दिला. प्रत्येक यंत्राचा पत्ता बदलण्यास एक दुपार लागली. त्यानंतर तो प्रश्न पुन्हा उद्भवला नाही.

दोन गेटवेंचा मोह

दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन्ही कार्डांवर डीफॉल्ट गेटवे भरणे. खिडकीत रिकामी जागा दिसली की ती भरावी असे वाटते. परंतु 'बाकी सर्व' यासाठी दोन ओळी असणे म्हणजे 'कळले नाही तर याला विचारा' असे दोन वेगळ्या माणसांकडे बोट दाखवून सांगणे होय. यंत्रांच्या जाळ्यातील गेटवेला इंटरनेट ठाऊकच नसते. मेट्रिक त्याच्या बाजूने झुकला की इंटरनेट बंद पडते, उलट झाला की चालू होते. मग 'कधी चालते, कधी चालत नाही' ही तक्रार सुरू होते आणि ती शोधणे सर्वांत कठीण. असा दुसरा गेटवे भरू लागताच विंडोज स्वतः सावधगिरीची सूचना देते, पण आपण ती न वाचता 'होय' म्हणतो. नियम सोपा आहे : डीफॉल्ट गेटवे एकाच कार्डावर, ज्या बाजूला इंटरनेट आहे त्या. दुसऱ्या कार्डावर ती जागा रिकामी ठेवावी.

मग यंत्रांच्या बाजूला आणखी एक जाळे असेल तर काय करावे? समजा नव्या इमारतीतील क्ष-किरण विभागाचे जाळे १०.२०.४०.० आहे आणि दोन इमारतींच्या मध्ये एक राऊटर आहे. त्याचा आपल्या बाजूचा पत्ता १०.२०.३०.१ व पलीकडचा १०.२०.४०.१. आपल्या संगणकाला १०.२०.४०.७ या क्ष-किरण यंत्राशी बोलावयाचे आहे. तक्त्यात त्या जाळ्याची ओळ नाही. म्हणून निरोप 'बाकी सर्व' या ओळीने ब्रॉडबँडकडे जाईल. तेथून पुढे घरगुती पत्त्याला कोणी विचारीत नाही. निरोप तेथेच संपला. येथे आपणच तक्त्यात एक नेमकी ओळ लिहावी लागते : १०.२०.४०.० या जाळ्यासाठी, मास्क २५५.२५५.२५५.०, हाती द्यावे १०.२०.३०.१ च्या. विंडोजवर ही ओळ 'रूट ॲड' या आज्ञेने घालता येते. मात्र तिच्यासोबत 'पी' हे चिन्ह दिले नाही तर संगणक बंद करून सुरू केल्यावर ती पुसली जाते. सोमवारी दुरुस्त केलेले मंगळवारी बिघडते ते बहुधा यामुळेच.

परतीची वाट

येथवर आपण जाण्याचा विचार केला. येण्याचा केला नाही. हा विसर इतका सार्वत्रिक आहे की त्याला स्वतंत्र परिच्छेद देणे आवश्यक वाटते. मार्गनिवड ही प्रत्येक दिशेने स्वतंत्र होते. आपला निरोप क्ष-किरण यंत्रापर्यंत बिनचूक पोहोचला, तरी त्या यंत्राला १०.२०.३०.५ कडे परत कसे यावे हे ठाऊक नसेल तर उत्तर येणार नाही. आपल्याला वाटेल निरोप पोहोचलाच नाही. वस्तुतः तो पोहोचला होता. क्ष-किरण यंत्रावर गेटवे म्हणून १०.२०.४०.१ लिहिल्यावरच संवाद पूर्ण होतो. रुग्णाला मोठ्या शहरात पाठविताना परतीची चिठ्ठी व पुढील उपचारांची नोंद मागवून घेतली नाही, तर उपचार होऊनही आपल्याला काही कळत नाही. त्यातलाच हा प्रकार.

याचेच अधिक गुंतागुंतीचे रूप दोन इंटरनेट जोडण्या असलेल्या संगणकावर दिसते. बाहेरून एखादी विनंती 'ब' जोडणीच्या पत्त्यावर आली. उत्तर देताना संगणक आपला तक्ता पाहतो. त्याला 'विनंती कोणत्या दाराने आली' हे पाहण्याची सवय नसते, तो केवळ 'कोठे जावयाचे' एवढेच पाहतो. डीफॉल्ट मार्ग 'अ' असेल तर 'ब'चा पत्ता लावलेले उत्तर 'अ'च्या दाराने निघते. अनेक सेवादाते आपला नसलेला पत्ता लावून आलेले निरोप अडवितात, आणि ते योग्यच आहे, कारण खोट्या पत्त्याने होणारे हल्ले त्यामुळे रोखले जातात. उपाय असा की, 'पाठविणाऱ्याचा पत्ता 'ब'चा असेल तर 'ब'चाच तक्ता पाहावा' असा नियम घालावा. लिनक्समध्ये 'आयपी रूल' या आज्ञेने असे एकाहून अधिक तक्ते ठेवता येतात. दोन कार्डांच्या संगणकाने कसे वागावे याची चर्चा इंटरनेटच्या १९८९ सालच्या मानकातही आढळते. प्रश्न जुना आहे, आपल्याकडे तो आता पोहोचला एवढेच.

राखीव जोडणी

आपल्या भागात तार तुटणे ही नित्याची बाब आहे. म्हणून ब्रॉडबँडसोबत मोबाइलचा डेटाही राखीव ठेवावा असे अनेकांना वाटते, आणि येथे मात्र दोन डीफॉल्ट मार्ग असणे रास्त आहे. मुख्य जोडणीला मेट्रिक १० व राखीव जोडणीला ५० द्यावा. मुख्य मार्ग तक्त्यातून गेला की संगणक राखीव मार्ग वापरील. तथापि एक फसगत लक्षात ठेवावी. तुमच्या कार्डापासून राऊटरपर्यंतची तार शाबूत असेल आणि पुढे गावाबाहेर तार तुटलेली असेल, तर कार्डाचा दिवा लागलेलाच राहतो, ओळ तक्त्यात कायम राहते, आणि सर्व निरोप त्या बंद वाटेने जात राहतात. नाडी लागते म्हणून मेंदूला रक्तपुरवठा होतो असे गृहीत धरण्यासारखे हे आहे. म्हणून हे काम संगणकावर न सोपविता दोन जोडण्या घेणारा राऊटर वापरावा. तो बाहेरच्या एखाद्या ठिकाणाला ठरावीक अंतराने हाक मारून वाट खरोखर जिवंत आहे की नाही हे तपासतो.

दोन अभिसरणे, एक पडदा

आता सर्वांत गंभीर मुद्दा. हृदयाच्या दोन जवनिकांमधील पडदा फुप्फुसाचे व शरीराचे अभिसरण वेगळे ठेवतो. त्यात छिद्र असेल तर आरंभी रक्त डावीकडून उजवीकडे वाहते. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले, फुप्फुसातील दाब वाढला, की प्रवाह उलटतो व निळे रक्त शरीरात जाऊ लागते. तोवर शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. दोन कार्डांचा संगणक हाही असा पडदा आहे. एका बाजूला तपासणीची यंत्रे, ज्यांची आज्ञावली वर्षानुवर्षे अद्ययावत होत नाही. दुसऱ्या बाजूला सारे जग. सामान्यतः विंडोज एका कार्डावरून आलेला परका निरोप दुसऱ्या कार्डावर पुढे पाठवीत नाही. परंतु कोणी दोन्ही कार्डे निवडून 'ब्रिज' केली, किंवा इंटरनेट वाटून घेण्याची सोय चालू केली, की पडद्याला छिद्र पडते. सोनोग्राफी यंत्रावर इंटरनेट मिळाले म्हणून आपण खूश होतो. दाब उलटण्याचा दिवस पुढे असतो.

ही कल्पित भीती नव्हे. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील सुमारे एक तृतीयांश ट्रस्टना तडाखा दिला व हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सर्व्हर अशाच हल्ल्याने बंद पडले आणि नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. त्यासंबंधी शासनाने संसदेत दिलेल्या उत्तरात जाळ्याचे अयोग्य विभाजन हे कारण नमूद केले आहे. देशातील अग्रगण्य संस्थेची ही स्थिती, तर आपल्या चार खोल्यांच्या दवाखान्याने अधिक सावध असावयास हवे.

हेही स्पष्ट करावयास हवे की निरोप पुढे पाठविणे बंद ठेवले म्हणजे संपूर्ण संरक्षण झाले असे नाही. त्या संगणकालाच विषाणूची बाधा झाली तर त्याचे हात दोन्ही बाजूंना पोहोचतातच. दोन दारांच्या घरात चोर शिरला तर तो दोन्ही दारे उघडू शकतो. म्हणून अशा संगणकावर विनाकारण संकेतस्थळे पाहू नयेत, त्याची आज्ञावली अद्ययावत ठेवावी, आणि शक्य असेल तेथे दोन जाळ्यांच्या मध्ये स्वतंत्र फायरवॉल बसवावी.

काय करावे

वरील विवेचनाचा व्यवहारी सारांश पुढीलप्रमाणे आहे.

१. दोन कार्डांवरील जाळ्यांचे गट भिन्न असावेत. यंत्रांच्या जाळ्यासाठी १० ने सुरू होणारा, राऊटरबरोबर सहसा न येणारा गट निवडावा.

२. डीफॉल्ट गेटवे फक्त इंटरनेटच्या कार्डावर भरावा.

३. यंत्रांच्या बाजूच्या इतर जाळ्यांसाठी कायमस्वरूपी नेमकी ओळ लिहावी व परतीची वाटही तपासावी.

४. यंत्रांना पत्ते आपोआप न देता कायमचे द्यावेत आणि ते एका वहीत, यंत्राच्या नावासह, लिहून ठेवावेत. ती वही संगणकात नव्हे, कपाटात असावी.

५. नवीन जोडणी झाल्यावर केवळ इंटरनेट चालते का हे न पाहता 'पिंग' या आज्ञेने प्रत्येक यंत्राला हाक मारून पाहावी, आणि मगच तंत्रज्ञाला निरोप द्यावा.

६. दोन कार्डे कधीही ब्रिज करू नयेत.

७. तातडीचा अहवाल केवळ पडद्यावर अवलंबून ठेवू नये. धोक्याच्या रेषेपलीकडचा आकडा प्रयोगशाळेने दूरध्वनीवर सांगावा व ऐकणाऱ्याने तो परत उच्चारून, वेळेसह लिहून घ्यावा.

सातवी सूचना संगणकाची नाही हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. परंतु त्या सकाळनंतर आमच्या रुग्णालयात सर्वांत आधी अमलात आली ती हीच. जाळे कितीही शिस्तीत बांधले तरी ते कधी ना कधी तुटणार. ते तुटल्याचे पडदा सांगत नाही. पडद्यावरील रिकामी जागा 'अहवाल नाही' असेही सांगते व 'वाट बंद आहे' असेही. या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी माणूसच लागतो.

आपण सीमाभागातील माणसे दोन दारांच्या घरात राहण्यास सरावलेली आहोत. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी बोलताना कोणते वाक्य कोणत्या दाराने बाहेर पडावे याचा तक्ता आपल्या मनात लहानपणीच तयार होतो व तो सहसा चुकत नाही. संगणकाला तो उपजत नसतो. आपल्याला लिहून द्यावा लागतो. तो नीट लिहिला आहे का, हे आपल्या दवाखान्यातील एका तरी संगणकावर वाचकांनी पाहून घ्यावे, एवढीच या लेखामागील अपेक्षा.